जवाहिरी पेढीच्या घड्याळात क्वार्ट्झ यंत्र असणे ही उणीव मानावी का?

प्रश्न

नोकरीची पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त स्वतःसाठी एकच, पण आयुष्यभर वापरता येईल असे घड्याळ घ्यायचे ठरवले आहे. कार्तिए या जवाहिरी पेढीचे ‘पँथेर’ मनात भरले आहे. १९८३ साली आलेल्या आणि २०१७ मध्ये नव्याने सुरू झालेल्या या घड्याळाच्या पट्ट्याच्या बारीक कड्या मनगटावर रेशमी कापडासारख्या बसतात. मात्र आत सेलवर चालणारे क्वार्ट्झ यंत्र आहे. घड्याळांचा संग्रह करणारे एक स्नेही म्हणतात, की एवढी रक्कम मोजूनही आत सेलच असेल, तर ते घड्याळ नव्हे, नुसता दागिना. हे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे?

प्रतिसाद १

‘नुसता’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. अशा जवाहिरी पेढ्या घड्याळाकडे दागिन्याच्या वाटेने आल्या आणि त्यांचे खरे कसब घडणीत आहे. बुल्गारीच्या ‘सर्पेंती’चा तुबोगास पट्टा पाहा: सोन्याच्या लांब पट्ट्या एका गाभ्याभोवती एकमेकींत अडकवत गुंडाळतात, मग तो गाभा काढून टाकतात, डाख कुठेही नसतो, आणि तरीही पट्टा स्प्रिंगसारखा ताणला जाऊन पुन्हा मिटतो. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सच्या १९३५ च्या ‘कादेना’मध्ये तबकडी अशी तिरकी बसवली आहे, की वेळ घालणारीलाच दिसावी. दोन्ही ठिकाणी विचार मनगटापासून सुरू झाला आहे, यंत्रापासून नव्हे. तुमच्या स्नेह्यांनी यंत्र पाहिले, घडण पाहिली नाही, असे मला वाटते.

प्रतिसाद २

यंत्राच्याच बाजूने पाहिले तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही. चावीच्या घड्याळात वेळ राखण्याचे काम बॅलन्स व्हील, म्हणजे ठरावीक लयीत मागे-पुढे डुलणारे चाक, करते. ते जितके लहान, तितके हाताच्या हिसक्यांनी आणि मनगटाच्या बदलत्या स्थितीने लवकर बिथरते. शिवाय चावी दिल्यावर ताकद साठवणारी कमान (स्प्रिंग) लहान डबीत असेल, तर तिच्यात ताकदही थोडीच साठते. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे हाताच्या हालचालीचा त्याच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. अतिसूक्ष्म चावीचे यंत्र करता येत नाही असे नाही: जेजे-लकुल्त्र कंपनीचे १९२९ चे ‘कॅलिबर १०१’ जेमतेम एक ग्रॅमचे आहे, आणि बुल्गारीने २०२२ मध्ये आणलेल्या ‘पिकोलिसिमो’चा व्यास १२.३ मिलिमीटर व जाडी २.५ मिलिमीटर आहे. पण अशी यंत्रे मोजक्या रत्नजडित घड्याळांतच बसवली जातात. रोज वापरायच्या लहान घड्याळाला क्वार्ट्झ हीच योग्य निवड आहे. सकाळी उठून चावी देण्यातला आनंद तुम्हाला हवा असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. मग हाताने चावी देण्याच्या ‘टँक लुई कार्तिए’चा विचार अवश्य करा.

प्रतिसाद ३

ताई, क्वार्ट्झ घ्या, पण सेलकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या आईचे घड्याळ बंद पडल्यावर तसेच कपाटात राहिले, सेल आतल्या आत पाझरला आणि यंत्रच बदलावे लागले. पुढे एका दुकानात सेल बदलताना मागच्या झाकणाखालची रबरी कडी जुनीच ठेवली गेली. काही महिन्यांत काचेच्या आतून वाफ धरू लागली. म्हणून दर वेळी कडी नवी घालून पाणीरोधाची चाचणी करून द्या, असे स्पष्ट सांगावे, आणि घड्याळ बराच काळ घालणार नसाल तर सेल काढून ठेवून घ्यावा.

वापरलेले घेणार असाल, तर घड्याळ आडवे धरून पाहा. तबकडी बाजूला वळलेली असताना पट्टा सरळ न राहता कमानीसारखा खाली झुकला, तर कड्यांमधल्या पिना झिजल्या आहेत असे समजावे. नवा पट्टाही लवचीक असल्याने थोडा झुकतोच, त्यामुळे शेजारी नवे घड्याळ धरून तुलना करणे उत्तम.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. स्नेह्यांना घेऊनच जाईन आणि पट्टा त्यांच्या हातात देईन.