काँक्रीटच्या इमारतीची भूकंप-चाचणी पूर्ण आकारातच का?

स्थापत्य_विद्यार्थी:
जपानमधील मिकी येथे ई-डिफेन्स या भूकंप-चाचणी केंद्राच्या कंपन-मंचावर (भूकंपासारखे हादरे देणाऱ्या प्रचंड फलाटावर) २०१५ मध्ये दहा मजली काँक्रीटची इमारत पूर्ण आकारात उभारून हलवण्यात आली, असे वाचले. हेच काम लहान प्रतिकृतीवर स्वस्तात होणार नाही का?

खांब_आणि_तुळई:
काही अंशी होते. मात्र प्रतिकृती एक-चतुर्थांश केली, तरी गुरुत्वाकर्षण तेवढेच राहते; त्यामुळे मजल्यांवर जादा वजन ठेवावे लागते आणि मंचावर वाजवायच्या भूकंपाच्या हादऱ्यांच्या नोंदीचा कालावधी निम्म्यावर आणावा लागतो. इथवर गणित सांभाळून घेते. खरी अडचण पुढे आहे, कारण खडी बारीक घेता येते, पण सळई आणि काँक्रीट यांची पकड व तड्यांची रुंदी त्याच प्रमाणात घटत नाही. खांब-तुळईच्या सांध्यात उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा किती जवळजवळ बांधल्या आहेत, यावर अनेकदा सारी इमारत तगते किंवा कोसळते (आपल्याकडे साइटवर याच रिंगांत काटकसर होते), आणि नेमके तेच लहान आकारात फसवे निघते. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर उभारलेला, २० बाय १५ मीटरचा आणि १२०० टन पेलणारा ई-डिफेन्सचा मंच २००५ मध्ये सुरू झाला.

सह्याद्रीकर:
सहमत आहे, पण धरणाचे काय करणार? १०३ मीटर उंचीचे कोयना धरण कोणत्याही मंचावर मावणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात, धरणाच्या भिंतीचा उतार जिथे बदलतो त्या पातळीजवळ आडवे तडे गेले होते. धरणांच्या प्रतिकृतींसाठी मुद्दाम कमकुवत मिश्रण वापरतात, कारण नेहमीचे काँक्रीट तेवढ्या लहान आकारात तडकतच नाही.