यंत्रमाग कारखान्यातल्या सुपरवायझरचं नेतृत्व मोजायला कोणती प्रश्नावली घ्यावी?

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. पीएचडीचा विषय आहे टॉवेल कारखान्यांतल्या सुपरवायझरांची नेतृत्वकौशल्यं आणि कामगारांचं टिकणं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले ३० कारखाने तयार आहेत, प्रत्येकी एक सुपरवायझर आणि पाच कामगार. गाइड म्हणतात एमएलक्यू (मल्टिफॅक्टर लीडरशिप क्वेश्चनेअर ही नेतृत्वाची प्रश्नावली) घ्या. ती विकत घ्यावी लागते, आणि बऱ्याच कामगारांची घरची भाषा तेलुगू. फुकट आणि छोटी अशी कोणती आहे?

मापनवाला
आधी तुमच्या विषयातला 'कौशल्यं' हा शब्द तपासा. एमएलक्यू कौशल्य नाही, वागण्याची शैली मोजते. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येणार. तिच्या ५एक्स आवृत्तीत ४५ विधानं असतात, ३६ शैलीची आणि ९ परिणामांची, गुण ० ते ४. परवाना प्रतीमागे पैसे मोजून घ्यायचा. भाषांतरालाही परवानगी लागते आणि अख्खी प्रश्नावली परिशिष्टात छापता येत नाही.

खरंच कौशल्यच हवं असेल, तर रॉबर्ट कॅट्झची १९५५ची विभागणी आहे: तांत्रिक, मानवी, संकल्पनात्मक. त्यावरच्या पाठ्यपुस्तकी प्रश्नावल्या स्वतःला ओळखायला ठीक, प्रबंधाला तोकड्या पडतात.

तुमच्या कामाला मी अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाची एलबीडीक्यू फॉर्म १२ (१९६३), म्हणजे नेत्याच्या वागण्याचं वर्णन करणारी प्रश्नावली, घेईन. संशोधनासाठी मोफत. एकूण १०० विधानं, १२ उपपट्ट्या (एकेक पैलू मोजणारे विधानांचे गट). त्यातल्या कामाची घडी बसवणं आणि माणसांची कदर या दोनच घेतल्या तरी १०-१० विधानांत भागतं. त्याहून छोटं हवं तर कार्लेस आणि सहकाऱ्यांची २०००ची ७ विधानांची परिवर्तनशील (माणसांना प्रेरणा देऊन बदल घडवणाऱ्या) नेतृत्वाची पट्टी आहे, पण तिच्यातून एकच गुण निघतो.

आणि भरायची कामगारांनी. सुपरवायझरनं स्वतःला दिलेले गुण बहुधा फुगलेलेच असतात.

हुतात्मा_एक्सप्रेस
प्रश्नावलीपेक्षा आकड्यांची अडचण मोठी आहे ताई. कागद १५० जमले तरी सुपरवायझर ३०च, म्हणून त्या पातळीवरचा नमुना ३०. १५० धरून रिग्रेशन (नेतृत्व आणि टिकणं यांचा संबंध मोजणारं गणित) चालवलं तर पी-व्हॅल्यू खोटी छान दिसते, म्हणजे संबंध आहे त्याहून पक्का वाटतो.

पाच जणांची सरासरी काढण्याआधी त्यांचं एकमत दाखवावं लागतं: आरडब्ल्यूजी (एका गटातली उत्तरं किती जुळतात याचा आकडा) साधारण ०.७०च्या वर, शिवाय आयसीसी (उत्तरांतला किती फरक सुपरवायझर बदलल्यामुळे पडतो याचा आकडा). आयसीसी-१ जर ०.२० आला, तर पाच कामगारांच्या सरासरीची विश्वासार्हता ०.५६च भरते; दहा कामगार घेतले तर ०.७१. पण दहाजण तरी एकाच शिफ्टचे, एकाच सुपरवायझरच्या हाताखालचे हवेत. तेवढे नसतील तर कारखाने वाढवा.

टिकण्याचा आकडा मात्र कामगाराला विचारू नका, हजेरीपत्रकातून घ्या. नेतृत्व आणि परिणाम एकाच माणसाकडून एकाच कागदावर घेतले की दोघांचा संबंध आपोआप फुगतो.

शेंगाचटणी
हजेरीपत्रक मिळेल. मग मराठी आणि तेलुगू अशा दोन आवृत्त्या काढू का?

मापनवाला
नको. दोन्ही आवृत्त्या एकच गोष्ट मोजतात हे सिद्ध करायला प्रत्येक भाषेत दोनेकशे तरी माणसं लागतील. शिवाय घरी तेलुगू बोलणाऱ्याला ती वाचता येतेच असं नाही. छापील मराठी एकच ठेवा, अडेल तिथे वाचून दाखवा, आणि कोणाला वाचून दाखवलं याची खूण कागदावर करा.

भाषांतर दोघांकडून वेगवेगळं करून घ्या, जुळवा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट इंग्रजीत आणा. त्यानंतरची पायरी लोक गाळतात: आठ-दहा कामगारांना एकेक विधान वाचून 'यातून तुम्हाला काय समजलं?' असं विचारा. 'सुपरवायझर गटाचं मत विचारात घेतो' यावर कामगार 'कोणता गट?' म्हणून थबकला, तर तिथे 'आम्हा कामगारांचं' हवं. उलट गुणांच्या विधानांत (जिथे 'नेहमी' म्हटलं की गुण कमी) 'नाही' दोनदा आलं की उत्तरं हमखास उलटी पडतात आणि अल्फा, म्हणजे विधानं आपसात किती जुळतात याचा आकडा, कोसळतो. अशी विधानं वगळू नका, सोप्या वाक्यात बसवा.

उत्तरांचे पर्याय: नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. 'सहमत/असहमत' ठेवलं की सगळे सहमत.

हुतात्मा_एक्सप्रेस
एक राहिलं. कागद सुपरवायझरच्या हातून वाटू नका आणि माग चालू असताना भरून घेऊ नका. मजुरी पिसावर (नगावर) असते, माणूस एका ओळीत सगळ्या खुणा करून मोकळा होतो. शिफ्ट बदलताना, गेटबाहेर, बंद पाकिटात घ्या. पाकिटावर कारखान्याचा कोड टाका, कामगाराचं नाव नको.