केंब्रिजजवळच्या सॉस्टनमध्ये कुणी राहतं का?

पेशीवाला_पुणे
बाब्रहमच्या संशोधन केंद्रात नोकरी लागलीय. केंब्रिज शहरातली भाडी बघून डोळे पांढरे झाले. तिथले लोक म्हणतात, शेजारचं सॉस्टन बघ. पण नुसती शेतं आणि एक चर्च असेल तर बायको आठवड्यात परत फिरेल. मुलगी बारा वर्षांची आहे. उन्हाळ्यात आई-बाबा येतील, दोघांनाही गाडी येत नाही.

शेंगदाणा_चटणी
आम्ही इथेच असतो. वस्ती सात हजारांच्या आसपास, पूर्वी कागद आणि कातड्याच्या कारखान्यांवर वाढलेली. त्यामुळे चित्रातलं गोंडस खेडं शोधत असाल तर निराश व्हाल. हाय स्ट्रीटवर किराणा, औषधं मिळतात, गावात दवाखाना आहे. कढीपत्त्यासाठी मात्र केंब्रिजचा मिल रोड गाठावा लागतो.

मुलीसाठी तरी इथेच या. सॉस्टन व्हिलेज कॉलेज नावाला कॉलेज, प्रत्यक्षात 11 ते 16 वयाची शाळा. काउंटीचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी 1930 साली उभी केली. शेती बसली होती, तरुण पोरं शहराकडे निघाली होती. मॉरिस म्हणाले, दिवसा मुलं शिकतील, संध्याकाळी त्याच आवारात त्यांचे आई-बाप. ग्रंथालय आणि सभागृहही तिथेच. अशी ही पहिली शाळा. पुढे इंपिंग्टन गावातल्या अशाच शाळेची इमारत तर प्रसिद्ध वास्तुरचनाकार ग्रोपियसने आखली! आमचे हे चाळिशीत पोहायला शिकले ते याच शाळेच्या तलावात, शेजारच्या रांगेत शाळकरी पोरं फिदीफिदी हसत असताना.

बाबांना इतिहासाची आवड आहे का? 1553 मध्ये मेरी ट्यूडर सॉस्टन हॉलमध्ये मुक्कामाला होती, म्हणून विरोधकांनी वाडा जाळला. राणी झाल्यावर तिने केंब्रिजच्या किल्ल्याचा दगड दिला आणि वाडा पुन्हा उभा राहिला. आता ती खासगी मालमत्ता आहे, सहज आत जाता येत नाही. मला तर राणीपेक्षा जॉन हंटिंग्डन जवळचा वाटतो. 1554 साली वारला, तेव्हा मृत्युपत्रात लिहून गेला की दोन एकरांत पांढरा वाटाणा पेरायचा आणि तो गावातल्या गरिबांनी तोडून न्यायचा. त्याच्या नावाची संस्था आजही अडल्यानडल्यांना मदत करते.

सायकल_जिंदाबाद
ताईंनी प्रवासाचं सांगितलंच नाही. केंब्रिजला बस आहे, पण रात्रीच्या बसवर विसंबू नका. रेल्वे स्टेशन व्हिटल्सफर्डला; तिथून लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटला थेट गाडी मिळते. तुम्ही पेशीवाले, तर ग्रेट शेलफर्ड ते ॲडनब्रुक्स रुग्णालय हा सायकलमार्ग चुकवू नका. स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या बीआरसीए-2 जनुकातली डीएनएची 10,257 अक्षरं चार रंगांच्या पट्ट्यांनी रस्त्यावर रंगवलीत.

पेशीवाला_पुणे
बायकोने हे वाचलं, थोडी विरघळलीय. घर हाय स्ट्रीटजवळ बघू की बाब्रहम रोडला?

शेंगदाणा_चटणी
आई-बाबा येणार ना? मग हाय स्ट्रीटजवळच. तुम्ही सायकलने कुठूनही जाल, त्यांना दूध आणि गोळ्या पायी जाऊन आणता आल्या पाहिजेत.