रक्त दिलं आणि आता रिपोर्ट देत नाहीत, मदत हवी आहे

खाडीकाठ: मागे आमच्या वाडीत शिबिर झालं त्यात मी आणि आईने रक्त दिलं, आता फोन आलाय की तुमच्या सॅम्पलमध्ये काहीतरी मिळालंय, दोघींनी येऊन भेटा. मी म्हटलं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका तर नाही म्हणाले. इथून चिपळूणला गाडी बदलून जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला, त्यात आंब्याचा सीझन. माझ्या रक्ताचा रिपोर्ट मलाच का नाही? तक्रार कुठे करू, लवकर सांगा.

रायवळ: कसलं शिबिर ते तरी सांगा. शुगरचं? आणि फोन खरा कशावरून, हल्ली ओटीपीवालेही असंच बोलतात.

खाडीकाठ: ओटीपी नाही हो मागितला. मेडिकल कॉलेजवाले होते, हिमोग्लोबिन आणि जनुकांचा अभ्यास म्हणे. सही पण घेतलेली.

पिपेट: ते संमतीपत्र. त्याची प्रत तुमच्याकडे असायला हवी, आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात. निकाल कळवायचा की नाही ते त्यातच विचारलेलं असतं, शिवाय एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, नंबर असतो. पण तक्रारीआधी ऐका, संशोधनातला निकाल हा दवाखान्यातला रिपोर्ट नव्हे. शेकडो ट्यूब कोड लावून चालवतात, अदलाबदल होऊ शकते, म्हणून परत रक्त घेऊन खात्री करतात. बोलावलं ते बरोबरच केलं.

बांगडो: माका विचारशात तर जाव नका. एकदा कागद हातात इलो की डोक्याक ताप. आमचो आजो कसलीच टेस्ट न करता नव्वदीपर्यंत जगलो.

पिपेट: आजोबांचं वेगळं. हिमोग्लोबिन म्हणजे बहुतेक थॅलेसेमिया मायनर नाहीतर सिकलसेल वाहक असेल. हे दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार, आणि वाहक म्हणजे ज्याच्या जनुकांच्या जोडीतलं एकच सदोष असतं तो. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही.

पॉलिसीभाऊ: रिपोर्ट हातात यायच्या आत मेडिक्लेम काढून घ्या!!

रायवळ: आणि फॉर्मवर लपवलं म्हणून क्लेम नाकारला की तुम्ही भरणार? २०१८ ला दिल्ली हायकोर्टाने जनुकीय आजार सरसकट वगळणं चुकीचं ठरवलंय, उगाच घाबरवू नका.

खाडीकाठ: विम्याचं कोणी विचारलंय का? माझं लग्न ठरतंय म्हणून घाई आहे.

पिपेट: अहो हे पहिल्यांदा सांगायचं! तुम्ही एकट्या वाहक असाल तर मुलांना तो आजार होत नाही, फार तर मुलं वाहक निघतील. तुम्ही आणि होणारा नवरा दोघंही वाहक असाल तर दर गरोदरपणात बाळाला आजार व्हायची २५ टक्के शक्यता. होणाऱ्या नवऱ्याची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) करून घ्या, एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये.

सासुरवाशीण: मुलाकडच्यांना आत्ता काही बोलू नको, लग्न मोडेल.

रायवळ: नंतर कळलं तर जास्त मोडेल. मुलाशी बोला, सगळ्या भावकीला सांगायची गरज नाही.

खाडीकाठ: कागद मिळाला, रेशनकार्डाच्या पिशवीत होता. निकाल कळवावा यावर माझी 'हो' ची खूण आहे आणि आईची 'नको' ची. मग आईला का बोलावलं???

पिपेट: हां, हे मात्र चुकलं त्यांचं. 'नको' म्हटलं असेल तर परत विचारल्याशिवाय सांगायचं नसतं. कमिटीला हे लिहून कळवा. तुम्ही एकट्याच जा, पण तुमच्यात निघालं तर आई किंवा बाबांकडूनच आलं असणार, ते आईला आधी सांगा आणि तिचं ती ठरवू दे.

बांगडो: गाडी सकाळची धरा, दुपारची भरवशाची नाय.