मोडेम उत्तर देईना! तुमच्याकडे काय निघालं?

पहिल्या वळवासोबत आमच्याकडे मोडेम बंद पडायला लागतात. डायल-अप असो, डोंगल असो की फायबर, तुमचा मोडेम गप्प झाला तेव्हा दोष नेमका कुठं सापडला ते लिहा. 'बंद करून चालू केला' सोडून.

आर्वीकर : विंडोज ९८ च्या काळात माझा कॅफे होता. 'मोडेम प्रतिसाद देत नाही' दिसलं की गिऱ्हाईक म्हणे, लाइन गेली. मी हायपरटर्मिनल (मोडेमला थेट हुकूम द्यायचा प्रोग्रॅम) उघडून 'एटी', म्हणजे 'आहेस का?', टाइप करायचो. 'ओके' आलं तर मोडेम जिवंत, मग फोनची तार बघा. काहीच आलं नाही तर कॉम्प्युटरचा हुकूमच तिथवर पोचत नाही. एका मशीनवर सिरियल माउस कॉम-१ पोर्टवर, मोडेम कॉम-३ वर, आणि दोघांचा आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) एकच, ४! माउस हलवला की मोडेम गार. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगात) बोर्डाचा कॉम-२ बंद केला, कार्डावरची जंपर पिन बदलून मोडेम तिथं बसवला, हाक मारायची लाइन वेगळी झाली, भांडण मिटलं.

सिरोंचा : शाळेत विंडोज नाही, उबुंटू (लिनक्स). डोंगल लावला की नुसती सीडी दिसे, कारण विंडोजचं सॉफ्टवेअर त्याच्याच पोटात असतं. यूएसबी-मोडस्विच हा डोंगलला सीडीवरून मोडेमवर आणणारा प्रोग्रॅम टाकल्यावर मोडेम म्हणून ओळखला.

मोर्शीवाला : गडगडलं की मी प्लगही काढतो अन् फोनची तारही. शेजाऱ्यानं नुसता प्लग काढला होता. बाकी दिवे लागत, डीएसएलचा (फोनच्या तारेवरच्या इंटरनेटचा) मात्र लुकलुकतच राहिला. वीज तारेतून आली बाप्पा.

पाहुणा : फायबरले तर तांबं नसते, मंग भेव काहून?

मोर्शीवाला : हाव जी, काचेतून नाही येत. पण अडॅप्टर तर लाइटवरच आहे ना! आणि एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असला तर सेटिंगात हात घालू नका. आमच्या रस्त्यावर जेसीबी चालला की तो लाल होतोच.

पुसद : आमचा दुपारी मरे, रात्री उठे. टिनाची खोली, मे महिना, म्हणून सगळे उन्हाला दोष देत. मल्टीमीटर लावला तर अडॅप्टर मोकळा असताना १२ व्होल्ट, मोडेम जोडला की ८. अडॅप्टर बदलला, मोडेम तोच आहे.

पाहुणा : किती अँपिअरचा घेतला?

पुसद : जुन्यावर लिहिलेला, १ अँपिअर. त्याहून जास्तीचा चालते, पण व्होल्ट अन् पिनेची प्लस-मायनस तीच पाहिजे.