हिप रिप्लेसमेंटनंतर खुबा निसटला, आता पायाला सूज, आई उठायलाच तयार नाही. कुणाला अनुभव आहे का?

सुरभी_न

नमस्कार. आईचं (वय ६९) उजव्या खुब्याचं टोटल हिप रिप्लेसमेंट झालंय, पाचवा आठवडा संपत आलाय. सुरुवात खरंच छान होती, वॉकर घेऊन घरभर फिरायची, जखम कोरडी, टाके निघाले, आम्हाला वाटलं आता काही नाही. मग एका दुपारी सोफ्यावर बसल्या बसल्या खाली पडलेला चष्मा उचलायला वाकली आणि सांधा निसटला. पाय आखूड झालेला, गुडघा आणि पाऊल आतल्या बाजूला वळलेलं, आणि तिचं ते ओरडणं... असो. अँब्युलन्स, एक्स-रे, भूल देऊन न कापता कृत्रिम सांध्याचा बॉल परत जागेवर बसवला. सर्जन म्हणाले बसवलेले भाग सगळे नीट आहेत, परत ऑपरेशनची गरज नाही, पण सहा आठवडे खूप जपा.

तेव्हापासून ती पलंगावरून उठायलाच तयार नाही. हात धरला तरी म्हणते सोड, परत निघेल. दिवसभर भिंतीकडे बघत पडलेली किंवा पलंगाच्या कडेला बसलेली असते, मधेच रडते. त्यात परवापासून उजवा पाय सुजलाय, पोटरी घट्ट लागतेय हाताला, डावा अगदी नॉर्मल. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा कोर्स नुकताच संपला. आणि ती म्हणते उजवा पाय लांब झालाय, उभं राहिलं की तिरकं वाटतं. दुखण्याच्या गोळ्या पण तिने बंद केल्यात, सवय लागेल म्हणून. सर्जनची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे. यातलं काय नॉर्मल आणि काय नाही हेच कळत नाहीये, प्लीज सांगा कुणीतरी.

पाऊलवाट

काळजी करू नका, सूज येतेच. माझ्या मावशीच्या पायाला पण आली होती, रोज रात्री पोटरीला हलक्या हाताने मालिश करून द्यायचो, तिला बराच आराम पडायचा.

फिजिओ_मेघा

सुरभी, मालिश अजिबात नको, हे आधी वाचा आणि मग बाकीचं. पाऊलवाट, तुमच्या मावशींना बरं वाटलं हे चांगलंच आहे, पण इथे एकाच पायाला, अचानक, आणि पोटरी घट्ट, असं आहे. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

मी ऑर्थोच्या पेशंटबरोबर काम करते म्हणून सांगते, ऑपरेशननंतर पायाला सूज राहणं हे कॉमन आहे, तीन-चार महिने सुद्धा राहते, संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते, मांडीवरची काळनिळी खूण खाली गुडघ्यापर्यंत उतरते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण उतरत आलेली सूज परत एकदम वाढली तर ती वेगळी गोष्ट. गोळ्या बहुतेकांना ३५ दिवसांपर्यंत देतात, तरी गुठळीचा धोका त्यानंतर लगेच शून्य होत नाही, साधारण तीन महिने डोक्यात ठेवावं लागतं. आणि आईंच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्यात, गोळ्या थांबल्या आणि त्याच सुमारास त्या हलायच्याच बंद झाल्या.

टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीचं जे हाड पुढे आलेलं लागतं तिथून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे डॉक्टर सुद्धा त्याला वजन देतात. फरक कमी आला तरी फोन करा, पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. सर्जनच्या टीमला आज फोन करून सांगा, खुबा बदललाय, एक पाय सुजलाय, डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) करायचंय. पाऊल वर ओढून पोटरीत दुखतंय का बघायची एक जुनी टेस्ट लोक सांगतात, तिच्यावर विसंबू नका, ती खात्रीची नाही.

आणि अचानक दम लागला, छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडल्या तर फोनाफोनी न करता थेट इमर्जन्सी.

सुरभी_न

मोजलं. उजवी साडेतीन सेंटीमीटर जास्त आहे. फोन केला, लगेच या म्हणाले. निघतोय.

वैशाख

सुरभीताई, डॉपलरचं कळवा नक्की. तोपर्यंत मी आईंच्या भीतीबद्दल लिहिते, कारण त्यातून मी स्वतः गेलेय, माझाही खुबा निसटला होता ऑपरेशननंतर दीड महिन्यात. तुम्हाला बाहेरून दिसतो तो हट्ट पण आतून काय असतं सांगू का, आपल्याच शरीरावरचा विश्वास उडतो. ती कळ डोक्यातून जातच नाही, कूस बदलायची म्हटलं तरी घाम फुटतो. "काही होत नाही, उठ" असं घरचे म्हणायचे ना, त्याने मी आणखी मिटून जायचे, कारण काहीतरी झालं होतंच की.

मला उपयोग झाला तो नेमकं कारण समजण्याचा. फिजिओने प्लॅस्टिकचं खुब्याचं मॉडेल हातात दिलं आणि दाखवलं की बॉल कुठल्या पोझिशनला मागे सरकतो. मांडी पोटाकडे ९० अंशांच्या वर आली, त्यात गुडघा मधली रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला गेला आणि पाऊल आत वळलं की मागचा दरवाजा उघडतो. नुसतं सरळ उभं राहून, सरळ चालून तो उघडत नाही. हे हाताने फिरवून बघितल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की चालणं आपलं शत्रू नाहीये. उलट नितंबाचे स्नायू जितके बळकट होतील तितका सांधा धरून राहील, पडून राहिल्याने ते आणखी ढिले पडतात. आईंना पण असंच दाखवायला सांगा कुणाला तरी, शब्दांनी पटत नाही.

आमच्याकडे मग सोफा बंदच केला. हाताची उंच टणक खुर्ची, कमोडवर उंच सीट, वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा, झोपताना गुडघ्यांच्या मधे जाड उशी. उठताना आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं, ऑपरेशनचा पाय पुढे लांब सोडायचा आणि हातांवर जोर देऊन उठायचं, पुढे वाकून नाही. एक गोष्ट बरेच जण सांगायची विसरतात ती वळण्याची. उजवा खुबा असेल तर उजवीकडे वळताना उजवा पाय जमिनीला रोवून नुसतं धड फिरवायचं नाही, त्याने खुबा आतल्या बाजूला फिरतो. छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. ओट्यापाशी, बेसिनपाशी हे सगळ्यात जास्त घडतं.

हे सगळं मागच्या बाजूने ऑपरेशन झालेल्यांचं. पुढून झालं असेल तर नियम वेगळे असतात, पाय मागे ताणणं आणि बाहेर वळवणं टाळायला सांगतात. तुमच्या आईंचं कुठून झालंय ते सर्जनकडून लिहून घ्या.

फिजिओ_मेघा

वैशाख, वळण्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

पाय लांब वाटण्याबद्दल राहिलं होतं. हे फार जणांना वाटतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा पाय खरंच लांब नसतो. वर्षानुवर्षं दुखरा खुबा आखडलेला असतो, कंबर एका बाजूला कललेली असते, सांधा बदलला तरी स्नायू त्याच जुन्या सवयीत ओढत राहतात, मग उभं राहिलं की एक पाय लांब लागतो. ताणाचे व्यायाम करून दोन-तीन महिन्यांत हे बऱ्यापैकी सरळ होतं. खरा फरक किती ते एक्स-रेवर मोजता येतं, साधारण एक सेंटीमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांना पुढे जाणवत नाही. म्हणून आत्ताच दुसऱ्या पायात टाचेखाली पॅड घालू नका, कंबर त्याच तिरकेपणात राहील. तीन महिने थांबून मग सर्जन ठरवतील. पण तुमच्या केसमध्ये एक लक्षात ठेवा, आधी एकदा निसटलाय, त्यामुळे पाय *अचानक* आखूड किंवा लांब वाटला आणि दुखलं तर एक्स-रे लगेच.

दुखण्याच्या गोळ्यांचं पण. सवयीची भीती असेल तर कुठली गोळी कशासाठी ते डॉक्टरांना विचारा, साध्या पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर हालचाल करता येते. दुखतंय म्हणून हलत नाही आणि हलत नाही म्हणून आखडून जास्त दुखतं, यात आठवडे जातात पेशंटचे.

नदीकाठ

मी थोडं वेगळं सांगते, घाबरवायला नाही, पण माहीत असावं म्हणून. आमच्या ह्यांच्या जखमेतून तिसऱ्या आठवड्यात पाणी यायला लागलं, अगदी थोडं, पट्टीवर रुपयाएवढा डाग. ताप नाही, विशेष दुखत पण नाही. जवळच्या एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. सुरू करायच्या आधी सर्जनला फोन केला तर ते म्हणाले एकही गोळी देऊ नका, आधी इथे आणा. कारण असं की गोळी पोटात गेली की सांध्यातलं पाणी काढून तपासलं तरी जंतू बऱ्याचदा सापडत नाहीत आणि मग नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही. रक्तात सीआरपी (शरीरात दाह किंवा इन्फेक्शन असलं की वाढतो तो घटक) वाढलेला निघाला. ऑपरेशननंतर तो दोन-तीन दिवस खूप वर जातो पण तीन आठवड्यांच्या सुमारास बराच खाली यायला हवा, आमचा खाली येऊन परत चढला होता. सुईने पाणी काढलं, इन्फेक्शन निघालं, परत ऑपरेशन करून आतून सगळं धुतलं, प्लॅस्टिकचा भाग आणि बॉल बदलला, मुख्य धातूचे भाग तसेच ठेवता आले कारण लवकर गेलो. मग बरेच आठवडे अँटिबायोटिक. आता चालतात.

तर टाके निघाल्यावर जखमेतून थेंब जरी आला, नवीन लाली आली, थंडी वाजून ताप आला तर फोटो काढून सर्जनकडे पाठवा. मी रोज एकाच उजेडात एकाच अंतरावरून फोटो काढायचे, त्यामुळे डाग कधी सुरू झाला ते नक्की सांगता आलं.

सुरभी_न

सगळ्यांचे मनापासून आभार, आत्ता जरा बसलेय म्हणून सविस्तर लिहिते.

डॉपलरमध्ये गुठळी नाही!! पण पोटरीतल्या बारीक शिरा कधी कधी नीट दिसत नाहीत म्हणून एका आठवड्याने परत करायचंय, तोपर्यंत सूज वाढली तर आधीच. ते म्हणाले दिवसभर पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसते आणि पोटरीचा पंप चालतच नाही त्यामुळे पाणी साठलंय. आता दर तासाला पावलं वर-खाली करायची, झोपल्यावर अख्ख्या पायाखाली उशा लावून पाय छातीच्या वर, पण खुबा जास्त मुडपणार नाही असं. जखम पण बघितली, कोरडी आहे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, ८.९ निघालं. म्हणजे तिला उठलं की गरगरायचं ते नुसतं मनाचं नव्हतं, मला वाटलं होतं की भीतीने होतंय. लोहाची औषधं दिलीत.

ऑपरेशन मागच्या बाजूनेच झालंय. वैशाख, तुमचं लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं, "माझाही निसटला होता" हे ऐकून तिने दोनदा परत वाचायला लावलं. मग विचारलं, आता त्या चालतात का. मॉडेलचं फिजिओला सांगितलं, त्यांनी आणून तिच्या हातात दिलं, बराच वेळ ती ते फिरवत बसली होती. काल वॉकर घेऊन दारापर्यंत गेली, मी मागे खुर्ची घेऊन. आज नाही म्हणाली, संध्याकाळी परत विचारेन, जबरदस्ती नाही करणार.

सर्जन म्हणाले परत निसटला तर मग ब्रेस (खुबा धरून ठेवणारा पट्टा) किंवा आतले भाग बदलायचा विचार करावा लागेल, तेव्हा हे आठवडे महत्त्वाचे. रात्री बाथरूमला जायची अजून खूप भीती आहे तिला, त्यासाठी पाणीच पीत नाही संध्याकाळनंतर.

वैशाख

हो हो, चालते, सांगा त्यांना. जिने पण चढते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि काठी उलट्या हातात, म्हणजे आईंच्या डाव्या हातात, पण ते वॉकर सुटल्यावर, फिजिओ सांगतील तेव्हा.

पाणी तोडू देऊ नका. मी पण तेच करायचे, त्याने बद्धकोष्ठ वाढलं आणि मग कमोडवर जोर करताना पुढे वाकायला व्हायचं, जे नकोच आहे. काही दिवस पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, दूरच्या बाथरूमचा प्रश्नच मिटतो. पलंगापासून तिथपर्यंत लाइट चालू राहू दे, जमिनीवर पायपुसणं, वायर काही नको. तुम्हाला बोलवायला हाताशी बेल द्या. हिमोग्लोबिन कमी आहे तर उठल्या उठल्या उभं राहायचं नाही, कडेला मिनिट-दोन मिनिटं बसून पावलं हलवायची, मग.

फिजिओ_मेघा

डॉपलरचं वाचून हायसं वाटलं. सुरभी, कमोडच्या खुर्चीचे पाय वरखाली होतात का बघा. आई बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहिला पाहिजे, आणि पावलं पूर्ण जमिनीला टेकली पाहिजेत. पलंगाचं पण तसंच मोजा, गादी दबते ती धरून. मोजलेले आकडे इथे टाकलेत तर मी बघून सांगते. आणि पुढच्या डॉपलरच्या दिवसापर्यंत पोटरीचा घेर रोज सकाळी उठायच्या आधी त्याच जागी मोजा, पेनने त्वचेवर खूण करून ठेवा म्हणजे टेप इकडेतिकडे होणार नाही.