बाबा गेले. सगळे फक्त ‘कष्टाळू होते’ म्हणतात, त्यांची खरी आठवण कशी लिहून ठेवू?

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. बाबांना जाऊन अडीच महिने झाले. झोपेतच गेले. ३४ वर्षं लेथवर (धातू कातायच्या मशीनवर) टर्नर म्हणून काम केलं, रिटायर झाल्यावरही एका छोट्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस जायचे कारण घरात बसून त्यांना करमायचंच नाही. आता जो भेटायला येतो तो एकच बोलतो, फार कष्टाळू माणूस, घरासाठी झिजला. खोटं नाहीये ते, पण सारखं सारखं ऐकून मला वाटायला लागलंय की माझे बाबा त्या एका शब्दाखाली झाकले जातायत.

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, आजोबांच्या मांडीवरून उतरायचा नाही. त्याला यातलं काही आठवेल का? त्याच्यासाठी म्हणून एक वही आणली, पहिलं वाक्य लिहिलं ‘तुझे आजोबा खूप कष्टाळू होते’ आणि तिथेच अडले. मलाच पुढचं काही येईना. बाबा बोलायचे कमी. सेकंड शिफ्ट असली की आम्ही झोपल्यावर घरी यायचे आणि सकाळी आम्ही शाळेला निघायचो तेव्हा ते झोपलेले असायचे, असे आठवडेच्या आठवडे गेलेत. इतक्या जवळच्या माणसाबद्दल लिहायला काही नसावं याचं फार वाईट वाटतं. त्यात भाऊ म्हणतो तू अजून अडकून पडलीयेस, दुःखाचे पाच टप्पे असतात त्यातून पुढे जायला हवं. कोणी असं काही लिहून ठेवलंय का? सुरुवात कुठून केलीत?

प्रतिसाद १
ताई, वाचून गलबलून आलं. माझे वडील ट्रक चालवायचे, महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळे तुमचं ‘लिहायला काही नाही’ मला नीट कळतंय. मी एक केलं, स्वभावाबद्दल लिहायचं सोडलं आणि हाताबद्दल लिहायला घेतलं. म्हणजे गाडीत बसल्यावर पहिलं काय करायचे, रुमाल कुठे ठेवायचे, कशावर चिडायचे. आणि त्यांच्या कामावरच्या लोकांना विचारा. घरच्यांना घरातला माणूस माहीत असतो, दिवसाचे आठ-दहा तास ज्यांनी त्यांना बघितलंय ते वेगळेच. फक्त ‘बाबा कसे होते’ असं विचारू नका, उत्तर परत ‘कष्टाळू’ असंच येईल. ‘मशीनवर उभे राहिले की काय करायचे’ असं विचारा, मग माणूस बोलायला लागतो आणि थांबत नाही. बोलणं रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन.

मुलाचं म्हणाल तर अडीच वर्षांचं बहुतेकांना मोठेपणी आठवत नाही, बऱ्याच जणांची पहिली आठवण तीन-चार वर्षांच्या आसपासची असते. पण घरात ज्यांच्याबद्दल रोज बोललं जातं ती माणसं मुलांना आपली वाटतात. माझी मुलगी आजोबांना भेटलेलीच नाही, तरी ‘माझे आजोबा’ म्हणून सांगत असते सगळ्यांना.

प्रतिसाद २
वही नंतर, आधी त्यांचा फोन बघा, प्लीज. अडीच महिने झाले म्हणताय म्हणून घाईने लिहितोय. व्हॉट्सॲप अकाउंट १२० दिवस वापरलं नाही तर साधारणपणे डिलीट होतं, आणि रिचार्ज नसला की नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणालातरी मिळू शकतो. तुमच्या फोनमधलं त्यांचं चॅट उघडून ‘एक्सपोर्ट चॅट’ करा, मीडियासकट, आणि ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉइस मेसेज आधी. ‘पोचलीस का’ एवढाच दोन सेकंदांचा असला तरी ठेवा, माझ्या आईचा मी तेवढाही ठेवला नाही आणि आता आवाज आठवायला गेलं की नीट येत नाही. गूगल अकाउंटही दोन वर्षं वापरात नसलं तर डिलीट होऊ शकतं, फोटो तिथे असतील तर काढून घ्या.

आणि कामाचा एखादा शर्ट न धुतलेला राहिला असेल तर तसाच घट्ट पिशवीत बंद करून ठेवा. वासाचे संदेश मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागांत फार थेट पोचतात, म्हणून तर एखाद्या वासासरशी अख्खा माणूस समोर उभा राहतो.

प्रतिसाद ३
माझे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, म्हणून हक्काने लिहिते बाळा. ते पाच टप्पे १९६९ साली एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी काही ते टाइमटेबल नव्हतं. भावाला रागवू नकोस, त्यालाही सुचत नसेल. पण तू अडकलेली नाहीस, तू बाबांना शोधतेयस.

एक सांगू, रागही लिही त्यांचा. हे कुणाशी भांडले की आठवडाभर घुम्यासारखे बसायचे, मी सुरुवातीला ते गाळलं होतं, मग वाचताना तो माणूस आमचा वाटेचना. नंतर घातलं. तेव्हा कुठे माझी लेक वाचून रडली.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. चॅट एक्सपोर्ट केलं, सतरा व्हॉइस मेसेज निघाले, नऊ नुसते ‘हां, ठीक आहे’.

काल बाबांच्या वर्कशॉपमधल्या काकांना फोन केला आणि तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. ते म्हणाले, जॉब (म्हणजे कातलेला तुकडा) मशीनवरून उतरला, व्हर्निअरने (बारीक मापाच्या पट्टीने) मापात बसला, तरी तुझा बाप कडेवरून अंगठा फिरवल्याशिवाय पुढे द्यायचा नाही, बारीकशी बर (कडेला राहिलेली धातूची टोचरी कोर) राहिली असली तरी कानस घेऊन घासत बसायचा, पोरं हसायची, म्हणायची मापात आहे ना मग झालं की, तर म्हणायचा हे कुणाच्यातरी हातात जाणार आहे.

मी फोन ठेवला आणि एकदम आठवलं. मी मुलासाठी खेळणं आणलं की बाबा आधी स्वतःच्या हातात घ्यायचे, कडेकडेने अंगठा फिरवायचे, मग ते घेऊन गॅलरीत जायचे. मला वाटायचं मी आणलेल्या प्रत्येक गोष्टीत खोड काढतात, एकदा तर मी बोललेही होते तसं, आणि ते काहीच म्हणाले नव्हते. रात्री खेळण्यांची टोपली उपडी केली. पत्र्याची लाल गाडी आहे एक, तिच्या खालच्या कडेला सगळीकडून रंग गेलाय, बारीक तिरक्या रेघा आहेत, आणि हात फिरवला तर कुठेच लागत नाही.

वहीतलं पहिलं वाक्य खोडलं. आता तिथे लिहिलंय, ‘तुझ्या लाल गाडीच्या कडेवर ज्या रेघा आहेत ना, त्या आजोबांच्या कानशीच्या आहेत.’